आंत्रभित्तीतील वाहिन्यांचे प्रकाशीय प्रतिमादर्शन

आतड्याच्या भित्तीतील रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांचे जाळे, ऊतक कापून न काढता, दृश्य किंवा त्यालगतच्या अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने प्रतिमेच्या रूपात पाहण्याच्या तंत्रांना ही संज्ञा लावतात. क्ष-किरण, श्राव्यातीत ध्वनी व चुंबकीय अनुस्पंदन यांवर आधारित तंत्रांनी संपूर्ण उदर पाहता येते, परंतु सर्वांत बारीक वाहिन्या त्यांत दिसत नाहीत. प्रकाशाची गोष्ट उलट आहे. त्याचा ऊतकातील पल्ला फार थोडा, म्हणजे काही दशांश मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत असतो. मात्र त्या पल्ल्यात ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाची एकेक केशवाहिनी वेगळी ओळखता येते. निरोगी आतड्याची भित्ती सामान्यतः १ ते ३ मिमी. जाड असल्याने हा अल्प पल्लाही पुष्कळदा पुरेसा ठरतो.

या विषयाचे महत्त्व मुख्यतः व्यावहारिक आहे. रक्तपुरवठा तुटलेला आतड्याचा भाग जिवंत आहे की नाही, कापलेली दोन टोके जोडल्यास ती सांधतील की नाही, श्लेष्मकलेवरील एखादा उंचवटा निरुपद्रवी आहे की कर्करोगाचा, हे प्रश्न शल्यचिकित्सकाला व अंतर्दर्शन करणाऱ्या वैद्याला थोड्या वेळात सोडवावे लागतात. त्यांची उत्तरे बव्हंशी वाहिन्यांच्या स्थितीत असतात. यांपैकी रक्तवाहिन्या रक्ताच्या रंगामुळे प्रकाशात आपोआप उमटतात. लसीका जवळजवळ रंगहीन व पारदर्शक असल्याने लसीकावाहिन्या तशा उमटत नाहीत. या एका भेदाने विषयाच्या इतिहासाला व तंत्राला वळण दिले आहे.

वाहिन्यांची रचना : आतड्याच्या भित्तीत आतून बाहेर श्लेष्मकला, अधःश्लेष्मस्तर, स्नायुस्तर व पर्युदराचा बाह्य स्तर असे चार थर असतात. लहान आतड्याच्या बहुतेक भागाला आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाला ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणीतून, तर मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला अधर आंत्रबंध रोहिणीतून रक्त मिळते. या रोहिण्यांच्या शाखा आंत्रबंधात एकमेकींना मिळून कमानी तयार करतात व कमानींपासून निघालेल्या सरळ शाखा भित्तीत शिरतात. दोन मोठ्या रोहिण्यांची क्षेत्रे जेथे भिडतात, त्या प्लीहेजवळच्या वळणावर रक्तपुरवठा तुलनेने तोकडा असतो व रक्तदाब घसरल्यास तेथील आतड्याला प्रथम इजा पोहोचण्याचा संभव असतो.

भित्तीत शिरलेल्या शाखांचे मुख्य जाळे अधःश्लेष्मस्तरात असते. त्यातून श्लेष्मकलेकडे रोहिणिका जातात. लहान आतड्याच्या श्लेष्मकलेवर सुमारे ०·५ ते १ मिमी. उंचीचे, बोटासारखे असंख्य उद्वर्ध असतात. प्रत्येक उद्वर्धात रोहिणिका टोकापर्यंत चढते, तेथे तिचे केशवाहिन्यांत विभाजन होते आणि रक्त नीलिकेवाटे खाली परतते. वर जाणारा व खाली येणारा प्रवाह जवळजवळ असल्याने काही ऑक्सिजन टोकाला पोहोचण्यापूर्वीच परतीच्या प्रवाहात जातो. म्हणून रक्तप्रवाह मंदावला की उद्वर्धाची टोके सर्वांत आधी मरतात. परतलेले रक्त प्रवेशिका नीलेवाटे यकृताकडे जाते. विश्रांतीच्या स्थितीत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग उदरातील पचनेंद्रियांकडे वळतो.

उद्वर्धाच्या मध्यभागी एक टोक बंद असलेली लसीकावाहिनी असते. तिला लॅक्टियल किंवा पयोलसवाहिनी म्हणतात. अन्नातील लांब शृंखलेच्या वसाम्लांपासून श्लेष्मकलेच्या कोशिकांत वसाकण तयार होतात. हे कण रक्तकेशवाहिनीच्या भित्तीतून जाऊ शकत नाहीत, पण पयोलसवाहिनीच्या भित्तीतील कोशिकांच्या सैल सांध्यांतून आत शिरतात. वसाकणांनी भरलेली लसीका दुधासारखी पांढरी दिसते, हाच पयोलस. तो अधःश्लेष्मस्तरातील लसीकाजाळे, आंत्रबंधातील लसीका ग्रंथी व छातीतील महालसीकावाहिनी या मार्गाने मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या नीलेत मिसळतो. [⟶ लसीका तंत्र].

प्रकाश व ऊतक : ऊतकात शिरलेल्या प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन होते. दृश्य प्रकाशाचे शोषण मुख्यतः रक्ताच्या तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनामुळे होते. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाचे अतिशय तीव्रतेने व ५४० ते ५८० नॅनोमीटर या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातील प्रकाशाचे मध्यम तीव्रतेने शोषण करते. तांबडा प्रकाश त्यातून बराचसा पार जातो. म्हणून निळ्या वा हिरव्या प्रकाशात रक्तवाहिन्या गडद व सभोवतालचे ऊतक उजळ दिसते.

तरंगलांबी जितकी आखूड, तितके प्रकीर्णन अधिक होते. निळा प्रकाश त्यामुळे श्लेष्मकलेच्या पृष्ठालगतच विखुरतो, हिरवा थोडा खोल जातो, तर सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यातील तांबडा व निकट अवरक्त प्रकाश काही मिलिमीटर आत पोहोचतो. या पट्ट्यात हीमोग्लोबिनाचे शोषण कमी असते आणि पाण्याचे शोषण अजून वाढलेले नसते. म्हणून त्याला ऊतकाचे ‘प्रकाशीय गवाक्ष’ म्हणतात. खोलवर गेलेला प्रकाश मात्र अनेकदा दिशा बदलून परत येत असल्याने प्रतिमा पुसट होते. खोली वाढविली की बारकावा कमी होतो व बारकावा साधला की खोली कमी होते, हा नियम पुढील बहुतेक तंत्रांना लागू आहे.

ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिनाचे शोषण सर्व तरंगलांब्यांना सारखे नसते. दोन वा अधिक तरंगलांब्यांची मापने घेऊन त्यांची तुलना केल्यास रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाणही काढता येते. बोटाला लावण्याच्या ऑक्सिजनमापकाचे तत्त्व हेच आहे.

लसीकेत तांबड्या कोशिका नसल्याने तिच्यात प्रकाश शोषणारा द्रव्यघटक जवळजवळ नसतो. ती दिसण्याचे तीनच मार्ग उरतात : तिच्यातील वसाकणांनी प्रकाश विखुरणे, तिच्यात बाहेरून रंजकद्रव्य सोडणे, किंवा सभोवतालच्या प्रकीर्णक ऊतकात ती प्रकीर्णनाच्या अभावामुळे रिकाम्या नळीसारखी काळी उमटणे. तिन्ही मार्गांचा उपयोग केला गेला आहे.

इतिहास : लसीकावाहिन्यांचा शोध हा वस्तुतः पहिल्या मार्गाचा योगायोगाने घडलेला प्रयोग होय. पाव्हिया येथील शारीरविज्ञ गास्पारे आसेल्ली यांनी २३ जुलै १६२२ रोजी मिलान येथे एका जिवंत कुत्र्याचे विच्छेदन केले. त्यांचा हेतू तंत्रिका व मध्यपटलाची हालचाल दाखविण्याचा होता. त्या वेळी आंत्रबंधावर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा त्यांना दिसल्या. प्रथम त्या तंत्रिका असाव्यात असे वाटले. पण एक रेषा टोचताच दुधासारखा द्रव बाहेर आला. दुसऱ्या कुत्र्यात त्या दिसल्या नाहीत. पहिल्या कुत्र्याला विच्छेदनापूर्वी पोटभर खाऊ घातलेले होते, हे ध्यानात येताच त्यांनी खाऊ घातलेल्या प्राण्यावर प्रयोग पुन्हा केला व त्या वाहिन्या पुन्हा दिसल्या. आसेल्ली १६२५ मध्ये मरण पावले. त्यांचा ग्रंथ १६२७ मध्ये रंगीत आकृत्यांसह प्रसिद्ध झाला. या वाहिन्या यकृताकडे जातात हा त्यांचा समज मात्र चुकीचा होता. झां पेके यांनी १६५१ मध्ये पयोलस छातीतील महालसीकावाहिनीतून रक्तात जातो हे प्रसिद्ध केले. ऊलोफ रूडबेक व टोमास बार्टोलिन यांनी शरीराच्या इतर भागांतील लसीकावाहिन्यांचे वर्णन त्यानंतर लवकरच केले.

रक्ताच्या केशवाहिन्या मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पाओलो मास्कान्यी यांनी मृत शरीरातील लसीकावाहिन्यांत पारा भरून त्यांचा विस्तृत चित्रसंग्रह १७८७ मध्ये प्रसिद्ध केला. ही सर्व निरीक्षणे मृत ऊतकावर किंवा उघड्या केलेल्या प्राणिशरीरावर होती. जिवंत माणसाच्या आतड्याचा अंतर्भाग पाहण्यास लवचिक मार्ग हवा होता. हॅरल्ड हॉपकिन्स व पंजाबात जन्मलेले भारतीय भौतिकीविज्ञ नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले. त्यानंतर बॅसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये प्रकाशतंतूंचा लवचिक जठरदर्शक वापरात आणला. १९८० नंतरच्या दशकात तंतूंच्या जुडग्याऐवजी नळीच्या टोकाशीच इलेक्ट्रॉनीय प्रतिमाग्राहक बसविण्यात येऊ लागला. गिळता येणारी व आतड्यातून जाताना छायाचित्रे पाठविणारी कुपी २००० मध्ये जाहीर झाली; तिच्यामुळे लहान आतड्याचा, नेहमीच्या अंतर्दर्शकाच्या आटोक्याबाहेरचा भाग पाहता येऊ लागला.

पद्धती : (१) अरुंद पट्ट्याचे प्रतिमादर्शन : या पद्धतीत पांढऱ्या प्रकाशाऐवजी सुमारे ४१५ व ५४० नॅनोमीटर भोवतालचे दोन अरुंद पट्टेच श्लेष्मकलेवर टाकतात. पहिल्या पट्ट्यात पृष्ठालगतच्या केशवाहिन्या व दुसऱ्यात त्यांखालील जाड नीलिका उठून दिसतात. पडद्यावर पहिल्या तपकिरी व दुसऱ्या हिरवट निळ्या रंगात दाखविल्या जातात. बाहेरून कोणतेही द्रव्य द्यावे लागत नाही. ही पद्धती जपानमध्ये विकसित झाली व २००५ च्या सुमारास नेहमीच्या अंतर्दर्शकांत उपलब्ध झाली.

(२) अनुस्फुरण वाहिनीदर्शन : काही द्रव्यांवर एका तरंगलांबीचा प्रकाश पडला असता ती त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. [⟶ अनुस्फुरण]. आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केलेले फ्ल्युओरेसीन हे अशा द्रव्यांपैकी एक होय. नीलेत टोचल्यावर ते निळ्या किंवा जंबुपार प्रकाशात हिरवट पिवळे चमकते. ते केशवाहिन्यांबाहेर झिरपते, त्यामुळे तीच तपासणी लगेच पुन्हा करता येत नाही. इंडोसायनीन ग्रीन हे दुसरे द्रव्य १९५० नंतरच्या दशकात प्रथम हृदयाच्या व यकृताच्या कार्यमापनासाठी वापरात आले. ते रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटून बव्हंशी वाहिन्यांतच राहते, सुमारे ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते व सुमारे ८३० नॅनोमीटरचा बाहेर टाकते. शोषण व उत्सर्जन दोन्ही प्रकाशीय गवाक्षात येत असल्याने भित्तीच्या संपूर्ण जाडीतील रक्तप्रवाहाचा अंदाज येतो. यकृत हे द्रव्य पित्तावाटे वेगाने बाहेर टाकते व रक्तातील त्याचे प्रमाण ३ ते ४ मिनिटांत निम्मे होते, म्हणून थोड्या वेळाने तपासणी पुन्हा करता येते.

(३) सहकेंद्री लेसर अंतःसूक्ष्मदर्शन : लेसर किरण एका बिंदूवर केंद्रित करून त्याच प्रतलातून परतलेला प्रकाश सूक्ष्म छिद्रातून घेतला असता वरखालच्या थरांतील धूसरपणा वगळला जातो. फ्ल्युओरेसीन दिलेल्या रुग्णात अंतर्दर्शकाच्या टोकाशी अशी रचना बसवून सुमारे २५० मायक्रोमीटर खोलीपर्यंत उद्वर्धातील केशवाहिन्या व त्यांतून वाहणाऱ्या कोशिका पाहता येतात. मानवी आतड्यातील तिचा वापर २००४ पासून प्रसिद्ध आहे. एका वेळी दिसणारे क्षेत्र मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने नेमके कोठे पाहावयाचे हे आधीच ठरवावे लागते.

(४) प्रकाशीय सुसंगती छेददर्शन : श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीप्रमाणे ऊतकाच्या निरनिराळ्या खोलींवरून परतणारा निकट अवरक्त प्रकाश व्यतिकरणाच्या साहाय्याने वेगळा करून या पद्धतीत उभा छेद मिळवितात. ती अमेरिकेत १९९१ मध्ये प्रथम वर्णिली गेली. तिची खोली १ ते २ मिमी. व विभेदन ५ ते १५ मायक्रोमीटर असते. एकाच जागेचे लागोपाठ छेद घेतले असता स्थिर ऊतक जसेच्या तसे राहते, पण वाहत्या रक्तामुळे प्रतिमा बदलते. हा बदल वेचून काढला की द्रव्य न टोचताही रक्तवाहिन्यांचे जाळे मिळते. त्याच छेदांत लसीकावाहिन्या काळ्या नळ्यांसारख्या दिसतात. एकाच नोंदीतून दोन्ही प्रकारच्या वाहिन्या मिळण्याची ही दुर्मिळ सोय आहे.

(५) लेसर चित्तीदर्शन : लेसर प्रकाशात प्रकाशित केलेल्या पृष्ठभागावर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते. खालील तांबड्या कोशिका वाहत असल्यास ती अस्पष्ट होते. या अस्पष्टतेवरून प्रवाहाचा सापेक्ष वेग सर्व क्षेत्रावर एकदम दाखविता येतो. तत्त्व १९८१ मध्ये मांडले गेले. आतड्याच्या हालचालीमुळेही नक्षी अस्पष्ट होत असल्याने क्षणभर आतडे स्थिर ठेवावे लागते.

(६) प्रकाशध्वनिक प्रतिमादर्शन : प्रकाशाच्या क्षणिक स्पंदाने हीमोग्लोबिन किंचित तापते, प्रसरण पावते व ध्वनितरंग उत्पन्न होतो. ध्वनीचे प्रकीर्णन ऊतकात फार कमी होत असल्याने काही सेंटिमीटर खोलीवरूनही माहिती मिळते. या परिणामाचे मूळ निरीक्षण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये केले होते. क्रोन रोगात उदराच्या त्वचेवरूनच आतड्याच्या भित्तीतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण मोजून शोथाची तीव्रता अजमाविता येते, असे जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले.

लसीकावाहिन्यांचे निरीक्षण : वसा हे लसीकेचे नैसर्गिक रंजक होय. आंत्र लसीकावाहिनी-विस्फार या विकारात पयोलसवाहिन्या फुगतात, प्रथिने आतड्यात गळतात आणि अंगावर सूज येते. अशा रुग्णाच्या श्लेष्मकलेवर अंतर्दर्शनात पांढऱ्या टोकांचे उद्वर्ध विखुरलेल्या हिमकणांसारखे दिसतात. तपासणीपूर्वी वसायुक्त आहार दिल्यास ही खूण अधिक स्पष्ट होते. आसेल्ली यांच्या निरीक्षणामागील कारण येथे निदानाचे साधन बनले आहे.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत इंडोसायनीन ग्रीन अर्बुदाभोवती अधःश्लेष्मस्तरात टोचतात. ते लसीकावाहिन्यांत शिरून अर्बुदाकडील लसीका ज्या ग्रंथींकडे जाते त्या उजळविते व कोणता आंत्रबंध काढावयाचा याचे मार्गदर्शन करते. ग्रंथी उजळली याचा अर्थ तीत कर्करोग आहे असा नव्हे. उलट कर्ककोशिकांनी पूर्ण भरलेल्या ग्रंथीत द्रव्य शिरतच नाही व ती अंधारी राहू शकते.

पयोलसवाहिनी ही केवळ निष्क्रिय नळी नाही, हेही प्रकाशीय निरीक्षणानेच स्पष्ट झाले. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१५ मध्ये जिवंत उंदराच्या उद्वर्धातील पयोलसवाहिनी आकुंचन पावताना दाखविली. तिच्यालगतचे गुळगुळीत स्नायुतंतू स्वायत्त तंत्रिकांच्या नियंत्रणाखाली तिला दाबतात व वसा पुढे ढकलतात. स्थिर छेदांवरून ही हालचाल कळणे शक्य नव्हते.

वैद्यकीय उपयोग : आतड्याची जीवनक्षमता : अडकलेला अंतर्गळ, आतड्याचा पीळ किंवा आंत्रबंध रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी यांमुळे आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. पुरवठा पूर्णपणे तुटल्यास उद्वर्धांची टोके तासाभराच्या आतच झडू लागतात व सुमारे सहा तासांत भित्तीच्या संपूर्ण जाडीचे अपरिवर्तनीय नुकसान होते. अडथळा दूर केल्यावर आतड्याचा रंग, तकाकी, क्रमसंकोच आणि आंत्रबंधातील रोहिण्यांचे स्पंदन हीच शल्यचिकित्सकाची पारंपरिक साधने होत. कोमट लवणद्रवात भिजविलेल्या कापडात आतडे गुंडाळून काही मिनिटे वाट पाहण्याची व मग निर्णय घेण्याची प्रथा आहे. जिवंत भाग काढला गेल्यास, विशेषतः उरलेले आतडे आखूड असल्यास, रुग्णाचे पोषण कायमचे बिघडू शकते. मृत भाग ठेवला गेल्यास तो फुटून पर्युदरशोथ होतो व जीव जाण्याचा धोका असतो. फ्ल्युओरेसीन टोचून जंबुपार दिव्याखाली आतडे पाहिल्यास हा निर्णय केवळ डोळ्यांनी पाहण्यापेक्षा अधिक अचूक होतो, असे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसून आले.

आतड्याची जोडणी : मोठ्या आतड्याचा व गुदांत्राचा भाग काढून टोके जोडल्यावर जोड गळणे ही सर्वांत गंभीर गुंतागुंत होय. जोडण्यापूर्वी इंडोसायनीन ग्रीनने टोकांचा रक्तपुरवठा पाहिल्यास गळती टळते काय, याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गळतीचे प्रमाण तपासणी केलेल्यांत ९·० टक्के व न केलेल्यांत ९·६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. २०२३ मधील जपानी चाचणीत ते अनुक्रमे ७·६ व ११·८ टक्के होते. पहिल्या चाचणीत रुग्णसंख्या ठरविल्यापेक्षा कमी भरली होती. गळती रक्तपुरवठ्याखेरीज जोडावरील ताण, पोषण, धूम्रपान व जंतू यांवरही अवलंबून असते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

रक्तस्राव व अर्बुदे : मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात वाढत्या वयात होणारे वाहिन्यांचे लहान विस्तार हे वारंवार रक्तस्रावाचे व पांडुरोगाचे कारण असते. ते पांढऱ्या प्रकाशातही कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या डागांच्या रूपात दिसतात. अर्बुदांच्या बाबतीत केशवाहिन्यांची मांडणी निर्णायक ठरते. निरुपद्रवी वाढीत त्या फिकट किंवा ग्रंथींभोवती नियमित जाळीसारख्या असतात. कर्करोग खोल पसरला की त्या तुटक, वेड्यावाकड्या होतात किंवा दिसेनाशा होतात. यावरून वाढ अंतर्दर्शकातूनच काढावी की शस्त्रक्रिया करावी हे ठरविण्यास मदत होते.

क्षयरोग : जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्याने आतड्याचा क्षय हा येथील वैद्यांना वारंवार विचारात घ्यावा लागणारा रोग आहे. तो बहुधा लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीपाशी होतो. भित्तीतील लसीकावाहिन्या आतड्याच्या परिघाला अनुसरून जातात व जंतूंचा प्रसार त्या मार्गाने होतो. म्हणून क्षयाचे व्रण आडवे, कड्यासारखे असतात आणि भरून येताना आतडे आवळून अडथळा उत्पन्न करतात. आंत्रज्वराचे व्रण लसीकाभ ऊतकाच्या लांबट चकत्यांवर होत असल्याने उभे असतात. न दिसणाऱ्या लसीकावाहिन्यांचा मार्ग अशा प्रकारे व्रणाच्या आकारात उमटतो. क्रोन रोगाशी क्षयाचा गोंधळ मात्र केवळ प्रतिमेवरून सुटत नाही. क्षयरुग्णास चुकून प्रतिकारक्षमता दडपणारी क्रोन रोगावरील औषधे दिल्यास रोग बळावतो. म्हणून ऊतकाचा तुकडा काढून जंतूंची तपासणी करणे अपरिहार्य आहे.

ग्रामीण भागातील उपयुक्तता : सांगली जिल्ह्यातील मिरज हे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी स्थापन केलेल्या रुग्णालयापासून शस्त्रक्रियेचे केंद्र म्हणून ख्यातनाम आहे. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील रुग्ण तेथे येतात. मिरजेच्या पूर्वेस मिरज-पंढरपूर मार्गावर असलेले कवठे महांकाळ आणि त्यापलीकडील जत हे अवर्षणप्रवण तालुके होत. अशा तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर पोटात एकाएकी असह्य दुखू लागलेला रुग्ण प्रथम घरगुती उपाय करतो, मग जवळच्या दवाखान्यात जातो व नंतर मोठ्या रुग्णालयाकडे पाठविला जातो. अडकलेल्या आतड्याला मिळणारे थोडे तास या टप्प्यांत खर्च होतात. शस्त्रक्रियागृहातील कोणताही प्रकाश गेलेले तास परत आणू शकत नाही; म्हणून परत न जाणारा दुखरा अंतर्गळ, उलट्या व फुगलेले पोट या लक्षणांची वेळीच दखल घेणे हा प्रतिमादर्शनाच्या आधीचा व अधिक महत्त्वाचा टप्पा ठरतो.

उपकरणांच्या किमतीतही मोठा फरक आहे. निकट अवरक्त कॅमेरे व सहकेंद्री अंतर्दर्शक महाग असतात. याउलट डोळ्यांच्या तपासणीसाठी सर्वत्र वापरले जाणारे फ्ल्युओरेसीन, जंबुपार दिवा आणि अंधार करता येण्याजोगे शस्त्रक्रियागृह एवढ्या साधनांवर आतड्याची जीवनक्षमता पाहता येते. या द्रव्यामुळे काहींना मळमळ होते, त्वचा व मूत्र काही काळ पिवळे होते आणि क्वचित तीव्र अधिहर्षताजन्य प्रतिक्रिया येते. तिच्यावरील औषधे हाताशी ठेवावी लागतात.

मर्यादा : प्रकाशीय प्रतिमा पृष्ठालगतच्या थराची असते. अंतर्दर्शकातून श्लेष्मकला व शस्त्रक्रियेत बाह्य स्तर दिसतो. एक बाजू निरोगी दिसली म्हणून दुसरी तशीच असेल असे नाही. श्लेष्मकला मृत झालेली असतानाही बाहेरून आतडे गुलाबी दिसू शकते. मळ, पित्त व श्लेष्मा यांच्या पातळ थरानेही निळा प्रकाश अडतो. हृदयाचे स्पंदन, श्वासोच्छ्वास व क्रमसंकोच यांमुळे प्रतिमा हलते.

अनुस्फुरणाची उजळता म्हणजे रक्तप्रवाहाचे माप नव्हे. ती द्रव्याच्या मात्रेवर, कॅमेऱ्याच्या अंतरावर व रुग्णाच्या रक्तदाबावर अवलंबून असते. शिवाय पुरवठा तुटलेल्या भागातही शेजारच्या वाहिन्यांतून द्रव्य हळूहळू झिरपते. काही मिनिटांनी पाहिल्यास मृतप्राय आतडेही उजळलेले दिसते. म्हणून द्रव्य टोचल्यानंतरचा पहिला मिनिटभराचा काळ महत्त्वाचा मानतात व उजळता किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाढली हे मोजण्याकडे कल आहे. नीला अडली असल्यास द्रव्य येते पण लवकर बाहेर पडत नाही. अशा वेळी केवळ आगमन पाहून समाधान मानल्यास फसगत होते. या वेगाची सर्वमान्य सीमारेषा ठरलेली नाही. संगणकाच्या साहाय्याने ती ठरविण्याचे प्रयत्न चालू असून, तोपर्यंत प्रकाशीय प्रतिमा ही शल्यचिकित्सकाच्या निर्णयाला पूरक पुरावा म्हणूनच वापरली जाते.